डब्ल्यूएलबीटी, जॅक्सन: परवाना गमावलेल्या एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्ल्यूएलबीटी हे कोणते केंद्र आहे आणि त्याच्या इतिहासाची एवढी चर्चा का होते?

डब्ल्यूएलबीटी हे अमेरिकेतील मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन येथील दूरचित्रवाणी केंद्र असून ते तीन क्रमांकाच्या वाहिनीवर दिसते. २८ डिसेंबर १९५३ रोजी त्याचे प्रसारण सुरू झाले आणि तेव्हापासून ते एनबीसी या राष्ट्रीय नेटवर्कशी संलग्न आहे. अमेरिकेत अशी शेकडो केंद्रे आहेत. जॅक्सनच्या केंद्राचे नाव मात्र तिथल्या प्रसारणविषयक कायद्याच्या अभ्यासात हमखास येते, कारण कृष्णवर्णीय प्रेक्षकांवर वर्षानुवर्षे केलेल्या अन्यायामुळे न्यायालयाने या केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण रद्द केले आणि त्याच खटल्यात, केंद्राच्या वर्तनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क सामान्य प्रेक्षकालाही आहे, हे प्रथमच मान्य झाले. परवाना मालकाच्या नावावर असला तरी केंद्र ज्यांच्यासाठी चालते त्या लोकांचा त्यावर हक्क असतो, हे तत्त्व आज सहज पटते. ते कायद्यात यावे यासाठी जॅक्सनमधल्या काही माणसांना मोठी जोखीम पत्करावी लागली.

‘नेटवर्कशी संलग्न स्थानिक केंद्र’ म्हणजे नेमके काय?

दूरदर्शनच्या सवयीमुळे मराठी वाचकाला ही रचना थोडी अपरिचित वाटते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते सरकारी यंत्रणेचा भाग म्हणून, आणि त्याची मालकी व धोरण दोन्ही दिल्लीकडे होती. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही नेटवर्के मालिका, राष्ट्रीय बातम्या आणि क्रीडाप्रसारण तयार करतात, परंतु गावोगावची बहुतेक प्रसारण केंद्रे त्यांच्या मालकीची नसतात. स्थानिक उद्योजक किंवा एखादी कंपनी सरकारी परवाना मिळवून केंद्र उभारते आणि एखाद्या नेटवर्कशी करार करते. करारानुसार दिवसाचे काही तास नेटवर्कचे कार्यक्रम दाखवले जातात, तर उरलेल्या वेळात केंद्र स्वतःच्या बातम्या, स्थानिक कार्यक्रम आणि विकत घेतलेल्या मालिका दाखवते. पूर्वी कार्यक्रम दाखवल्याबद्दल नेटवर्क केंद्राला मोबदला देत असे. केबल आणि उपग्रह कंपन्यांकडून केंद्रांना पैसे मिळू लागल्यानंतर हा प्रवाह उलटला आणि आता बहुधा केंद्रेच नेटवर्कला पैसे देतात.

परवाना नेटवर्कला नव्हे, तर केंद्राला मिळतो. त्यामुळे आपल्या पडद्यावर काय दिसले आणि काय दिसले नाही याची कायदेशीर जबाबदारी केंद्राच्या मालकाचीच असते. पुढचा सगळा वाद याच मुद्द्यावर उभा राहिला.

केंद्राची स्थापना कोणी केली?

जॅक्सनमधील लामार लाइफ या विमा कंपनीने ती केली. या कंपनीने १९२९ मध्येच डब्ल्यूजेडीएक्स हे रेडिओ केंद्र सुरू केले होते, त्यामुळे प्रसारणाचा व्यवसाय तिला नवा नव्हता. दूरचित्रवाणीला मात्र वाट पाहावी लागली. वारंवारतांचे वाटप नव्याने आखण्यासाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसी या नियामक आयोगाने, १९४८ मध्ये नव्या केंद्रांना परवानगी देणे थांबवले होते. ही स्थगिती १९५२ च्या एप्रिलमध्ये उठली, आणि म्हणूनच अमेरिकेतील कितीतरी शहरांच्या केंद्रांचा जन्म १९५३ आणि १९५४ या दोन वर्षांतला आहे. १९५३ पर्यंत मिसिसिपी राज्यात एकही दूरचित्रवाणी केंद्र नव्हते.

जॅक्सनमध्ये दीर्घकाळ दोनच केंद्रे राहिली: एनबीसीशी संलग्न डब्ल्यूएलबीटी आणि सीबीएसशी संलग्न डब्ल्यूजेटीव्ही. तिसरे केंद्र १९७० मध्ये आले. ज्या शहरात पडद्यावर दोनच खिडक्या उघडतात, तिथे त्यांतली एक कोणाच्या हाती आहे याला फार महत्त्व येते.

त्या काळी केंद्रांवर समतोलाचे काही बंधन होते का?

होते. प्रसारणलहरी मर्यादित असल्याने त्या वापरण्याचा परवाना तीन वर्षांसाठी दिला जाई आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी केंद्राने लोकहित सांभाळले आहे का हे आयोगाने पाहावे अशी अपेक्षा होती. शिवाय १९४९ पासून समतोल मांडणीचा नियम लागू होता. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांना केंद्राने वेळ द्यावा आणि त्या प्रश्नांवरील विरोधी मतांनाही वाजवी संधी द्यावी, असे तो सांगे. हा नियम आयोगाने १९८७ मध्ये मागे घेतला. कागदावर ही व्यवस्था चांगली होती. अडचण अशी की आयोग तिची अंमलबजावणी क्वचितच करी आणि नूतनीकरण हा जवळपास शिक्का मारण्याचा प्रकार झाला होता.

‘केबलमध्ये बिघाड’ या पाटीचे प्रकरण काय आहे?

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. तो खटला लढवणारे वकील थरगुड मार्शल, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, ते १९५५ मध्ये एनबीसीच्या एका कार्यक्रमात वर्णसंबंधांवर बोलत होते. त्या वेळी डब्ल्यूएलबीटीने नेटवर्कचे प्रसारण तोडले आणि पडद्यावर ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड’ अशा अर्थाची पाटी झळकवली, अशी तक्रार आयोगाकडे गेली. नेटवर्कचे कार्यक्रम तेव्हा टेलिफोन कंपनीच्या लांब पल्ल्याच्या वाहिन्यांवरून येत आणि बिघाड खरोखरच होत असत. म्हणूनच असा बहाणा सहज खपण्यासारखा होता.

दुसरी तक्रार १९५७ मधली आहे. केंद्राने वर्णविभाजनाचा पुरस्कार करणारा कार्यक्रम दाखवला आणि विरुद्ध बाजू मांडू इच्छिणाऱ्यांना वेळ नाकारली. १९५८ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी या तक्रारी आयोगासमोर होत्या. नियमभंग झाल्याचे आयोगाने मान्य केले, परंतु या तुरळक घटना आहेत असे म्हणून नेहमीप्रमाणे तीन वर्षांचा परवाना दिला. माझ्या मते संपूर्ण इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण पुढे कसेही वागले तरी चालते असा संदेश त्यातून केंद्राला मिळाला.

नागरी हक्क चळवळीच्या काळात केंद्राचे वर्तन कसे होते?

केंद्राचे महाव्यवस्थापक फ्रेड बिअर्ड वर्णविभाजनाचे उघड समर्थक होते, आणि वर्णविभाजन टिकवण्यासाठी स्थापन झालेल्या सिटिझन्स कौन्सिल या संघटनेचा दृष्टिकोन केंद्राच्या पडद्यावर मोकळेपणाने दिसे. सप्टेंबर १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात दंगल उसळली. त्या सुमारास राज्यातील अनेक रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांनी एकच बाजू मांडल्याच्या तक्रारी आयोगाकडे गेल्या, आणि त्यांत डब्ल्यूएलबीटीचेही नाव होते.

ज्यांच्याविषयी हे बोलले जात होते ते लोक परके नव्हते. केंद्राच्या मुख्य प्रसारणक्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. ते तोच दूरचित्रवाणी संच विकत घेत आणि त्याच जाहिरातींतला माल घेत. तरीही स्थानिक कार्यक्रमांत त्यांना जवळपास स्थान नव्हते, आणि निवेदक गोऱ्या व्यक्तींच्या नावाआधी जे आदरार्थी संबोधन लावत ते कृष्णवर्णीयांसाठी वापरत नाहीत, हीही एक तक्रार होती. ज्या समाजात कोणाला ‘श्री.’ म्हणायचे यावरूनच माणसाची पायरी ठरते, त्या समाजाच्या मराठी वाचकाला या तक्रारीचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मेडगर एव्हर्स यांना या केंद्रावर बोलू दिले होते का?

एकदा दिले होते, तेही बऱ्याच प्रयत्नांनंतर. एव्हर्स हे एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे मिसिसिपीतील क्षेत्रीय सचिव होते आणि १९५७ पासून प्रतिवादासाठी वेळ मागत होते. मे १९६३ मध्ये जॅक्सनचे महापौर ॲलन थॉम्पसन यांनी दूरचित्रवाणीवरून चळवळीविरुद्ध भाषण केले. त्याला उत्तर देण्यासाठी अखेर एव्हर्स यांना वेळ मिळाली आणि २० मे रोजी ते डब्ल्यूएलबीटीवर सुमारे १७ मिनिटे बोलले. जॅक्सनमधल्या असंख्य कृष्णवर्णीय घरांत आपल्यातला एक माणूस आपलेच प्रश्न आपल्याच गावच्या पडद्यावर मांडताना तेव्हा प्रथमच दिसला. तोवर एव्हर्स यांचा चेहरा अनेक गोऱ्या नागरिकांना ठाऊक नव्हता आणि प्रसारणाने तो ठाऊक झाला, ही भीती त्यांच्या सहकाऱ्यांना होती. १२ जून १९६३ च्या पहाटे त्यांच्या घरासमोर गोळी घालून त्यांची हत्या झाली.

एनबीसीने आपल्या संलग्न केंद्राला आवर का घातला नाही?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियमांच्या रचनेत दडलेले आहे. नेटवर्कांनी छोट्या केंद्रांवर दडपण आणू नये म्हणून आयोगाने १९४१ मध्ये रेडिओसाठी नियम केले, जे नंतर दूरचित्रवाणीलाही लागू झाले. स्थानिक जनतेच्या हिताचा नाही असे वाटणारा कोणताही नेटवर्क कार्यक्रम नाकारण्याचा केंद्राचा हक्क त्यांनी राखून ठेवला. हेतू उत्तम होता, परंतु स्थानिक स्वातंत्र्याचे हेच कवच जॅक्सनमध्ये स्थानिक बहिष्कारासाठी वापरले गेले. नेटवर्कच्या हाती करार न वाढवण्याचा मार्ग तेवढा उरे, आणि दोनच केंद्रे असलेल्या शहरात तसे करणे म्हणजे तिथला प्रेक्षक गमावणे होते.

दबाव आला तो कलाकारांकडून. एनबीसीच्या ‘बोनान्झा’ या लोकप्रिय मालिकेतील नट १९६४ च्या आरंभी जॅक्सनमधील एका मेळ्याला येणार होते. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवले जाणार हे कळल्यावर त्यांनी येण्यास नकार दिला, आणि महापौरांनी ती मालिका न पाहण्याचे आवाहन शहराला केले.

परवान्याला आव्हान कोणी दिले?

युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या दळणवळण कार्यालयाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी. त्यांच्यासोबत दोन स्थानिक अर्जदार होते: क्लार्क्सडेल गावचे औषधविक्रेते आणि एनएएसीपीचे राज्याध्यक्ष ॲरन हेन्री, आणि जॅक्सनचे पाद्री व व्यावसायिक रॉबर्ट एल. टी. स्मिथ. स्मिथ यांनी १९६२ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक लढवली होती आणि प्रचारासाठी डब्ल्यूएलबीटीवर वेळ मिळवताना त्यांना वॉशिंग्टनपर्यंत तक्रार न्यावी लागली होती. टूगलू येथील त्याच पंथाचे स्थानिक चर्चही अर्जदारांत होते.

तक्रारीसाठी पुरावा कसा गोळा केला?

या प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. केंद्र अन्याय करते हे सगळ्यांना ठाऊक होते, परंतु आयोगापुढे भावना चालणार नव्हती. म्हणून पार्कर यांनी १ ते ७ मार्च १९६४ असा सलग एक आठवडा जॅक्सनमधील दोन्ही केंद्रांच्या प्रसारणाची पद्धतशीर नोंद करवून घेतली. कार्यक्रमात कृष्णवर्णीय व्यक्ती दिसते का, तिला बोलू दिले जाते का, तिचा उल्लेख कोणत्या शब्दांत होतो, वादग्रस्त विषयावर दुसरी बाजू येते का, याची टिपणे स्वयंसेवकांनी पाळीपाळीने संचासमोर बसून घेतली. हे स्वयंसेवक स्थानिक गोरे नागरिक होते. हे काम उघड झाले असते तर त्यांच्या नोकऱ्या, शेजारसंबंध आणि कदाचित जीवही धोक्यात आला असता, म्हणून त्यांची नावे गुप्त ठेवण्यात आली. केवळ घरात बसून दूरचित्रवाणी पाहणे आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, एवढ्याने एका बलाढ्य कंपनीविरुद्ध दस्तऐवज तयार झाला. आव्हानाचा अर्ज एप्रिल १९६४ मध्ये दाखल झाला.

आयोगाने काय निर्णय दिला?

मे १९६५ मध्ये आयोगाने बहुमताने केंद्राला एका वर्षाचे सशर्त नूतनीकरण दिले. समतोलाचा नियम काटेकोरपणे पाळावा, भेदभाव थांबवावा आणि स्थानिक समाजातील नेत्यांशी चर्चा करावी अशा अटी होत्या. अर्जदारांना मात्र पक्षकार म्हणून मान्यताच मिळाली नाही. ज्यांच्या धंद्याचे नुकसान होते असे स्पर्धक किंवा ज्यांच्या लहरींत व्यत्यय येतो अशी दुसरी केंद्रे यांनाच हस्तक्षेपाचा हक्क आहे, ही तोवरची समजूत होती. आयोगाचे अध्यक्ष ई. विल्यम हेन्री यांनी या निर्णयाला विरोध नोंदवला.

१९६६ च्या निकालाने काय बदलले?

अर्जदार वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयात गेले आणि २५ मार्च १९६६ रोजी निकाल लागला. तो लिहिणारे न्यायाधीश वॉरन बर्गर पुराणमतवादी म्हणून ओळखले जात, त्यामुळे निकालाचे वजन आणखी वाढले. प्रसारण ज्यांच्यासाठी होते त्या श्रोत्या-प्रेक्षकांच्या जबाबदार प्रतिनिधींना परवान्याच्या कार्यवाहीत भाग घेण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. वृत्तपत्र मालकाच्या मर्जीनुसार चालू शकते, परंतु प्रसारण केंद्र सार्वजनिक मालमत्तेचा विनामूल्य वापर करते आणि म्हणून त्याच्यावर सार्वजनिक कर्तव्ये येतात, हा त्यातील मुख्य विचार होता. परवाना हा विश्वस्तपणा आहे आणि कर्तव्यभंग झाल्यास तो संपुष्टात येऊ शकतो, हेही बर्गर यांनी स्पष्ट लिहिले. सुनावणी घेण्याचा आदेश देऊन प्रकरण आयोगाकडे परत गेले.

मग प्रकरण १९६९ पर्यंत का लांबले?

कारण आयोगाने आदेशाचा शब्द पाळला, आशय पाळला नाही. १९६७ मध्ये जॅक्सनला सुनावणी झाली, पण पुराव्याचा भार तक्रारदारांवर टाकण्यात आला आणि सुनावणी अधिकारी त्यांच्याशी विरोधी पक्षाप्रमाणे वागला. १९६८ मध्ये आयोगाने पुन्हा परवाना दिला, तेव्हा केनेथ कॉक्स आणि निकोलस जॉन्सन या दोन सदस्यांनी जोरदार विरोधी मत लिहिले. दुसऱ्या अपिलाचा निकाल २० जून १९६९ रोजी लागला आणि तोही बर्गर यांनीच लिहिला. काही दिवसांतच ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. आयोगाचे वर्तन दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे असे सांगून न्यायालयाने या वेळी प्रकरण फेरसुनावणीला न पाठवता नूतनीकरण रद्द केले आणि वाहिनीसाठी नवे अर्ज मागवण्याचा आदेश दिला.

परवाना गेल्यावर केंद्र बंद पडले का?

नाही. शहराला एनबीसीचे कार्यक्रम आणि बातम्या मिळत राहाव्यात म्हणून हंगामी चालक नेमण्यात आला. जून १९७१ मध्ये कम्युनिकेशन्स इम्प्रूव्हमेंट या, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांनी मिळून स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेने केंद्र हाती घेतले. वाहिनीचा क्रमांक, नाव आणि नेटवर्क तेच राहिले.

विल्यम डिलडे कोण होते?

बोस्टनमधील एका केंद्रात कर्मचारी विभाग सांभाळलेले डिलडे १९७२ मध्ये डब्ल्यूएलबीटीचे महाव्यवस्थापक झाले. नेटवर्कशी संलग्न अमेरिकन दूरचित्रवाणी केंद्राचे ते पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक मानले जातात, आणि ही नेमणूक मिसिसिपीत झाली. त्यांनी वृत्तविभागात आणि तांत्रिक कामांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची भरती केली आणि स्थानिक बातम्यांवर भर दिला. नव्या व्यवस्थापनाखाली प्रेक्षक पळून जातील हे भाकीत खोटे ठरले. केंद्र बाजारात आघाडीवर राहिले.

पुढे मालकी कोणाकडे गेली?

कायम परवान्यासाठी पाच अर्जदारांत दीर्घकाळ स्पर्धा चालली आणि अखेर तो टीव्ही-३ या कंपनीकडे गेला, जिच्या संचालकांत ॲरन हेन्री प्रमुख होते. ज्यांना पूर्वी पडद्यावर येऊ दिले जात नव्हते त्यांच्याकडे केंद्राची सूत्रे आली. १९८० च्या दशकात फ्रँक मेल्टन यांनी केंद्र चालवले, जे २००५ मध्ये जॅक्सनचे महापौर झाले. त्यानंतर केंद्र २००० मध्ये लिबर्टी कॉर्पोरेशनकडे, २००६ मध्ये रेकॉम मीडियाकडे आणि २०१९ मध्ये ग्रे टेलिव्हिजनकडे गेले. आजचे मालक दुसऱ्या राज्यातले आहेत, आणि स्थानिक मालकीसाठी झालेला संघर्ष पाहता याची खंत वाटते.

केंद्राचा मनोरा कोसळला होता, हे खरे आहे का?

होय. रेमंड गावाजवळचा सुमारे २,००० फूट उंचीचा मनोरा दुरुस्तीचे काम चालू असताना २३ ऑक्टोबर १९९७ रोजी कोसळला आणि त्यात तीन कामगारांचा मृत्यू झाला. त्याच्या जागी नंतर नवा मनोरा उभारण्यात आला.

या खटल्याचा भारताशी काही संबंध जोडता येतो का?

थेट संबंध नाही. मात्र प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून झालेल्या बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात मांडले. त्या निकालानंतरही प्रेक्षकाला वाहिनीच्या परवान्याच्या कार्यवाहीत पक्षकार होता येईल अशी व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही, आणि मराठी वाहिन्यांच्या प्रेक्षकांनी त्याविषयी विचार करावा असे मनापासून वाटते.

त्या काळातील चित्रफिती आज पाहता येतात का?

केंद्राच्या वृत्तविभागाने १९५० आणि १९६० च्या दशकांत चित्रित केलेल्या फिती मिसिसिपी राज्याच्या अभिलेखागारात, म्हणजे जॅक्सनमधील मिसिसिपी डिपार्टमेंट ऑफ आर्काइव्हज अँड हिस्टरी येथे जतन केल्या आहेत. प्रसारणात एक बाजू दडपली गेली तरी केंद्राचे छायाचित्रकार निदर्शने, अटका आणि सभा यांच्या ठिकाणी कॅमेरा घेऊन हजर होते, त्यामुळे नागरी हक्क चळवळीच्या अभ्यासकांना हा संग्रह वारंवार चाळावा लागतो.